तात्यांचे कान

आमच्या शाळेत शरीरशास्त्राचा एकच तक्ता होता. त्याला खालून वाळवी लागली होती, त्यामुळे त्यातल्या माणसाला पायाची बोटं नव्हती. बाकी गडी धडधाकट होता. हृदय लाल, यकृत तपकिरी, फुप्फुसं निळसर, आणि प्रत्येकापुढे एक बाण आणि एक नाव. दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, बाई, ह्यात मन कुठे आहे? मी छडीचं टोक त्याच्या कपाळावर टेकवायची आणि सांगायची, इथे. तुझं मात्र आत्ता खिडकीबाहेर आहे. वर्ग हसायचा आणि मी कानाच्या धड्याकडे वळायची. तो माझा आवडता धडा. त्यासाठी शाळेनं एक नादकाटा, दोन दात्यांचा पोलादी चिमटा, घेतला होता. रबराच्या ठोकळ्यावर आपटून कानाशी धरला की तो गुणगुणत राहायचा, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीसुद्धा माना पुढे काढायच्या.

घरी जेवताना मी हे सगळं तात्यांना सांगायची. तात्या म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज शिंद्यांच्या पदरी पुराण सांगायला म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. पुढे दरबार गेला, मध्यभारत नावाचं राज्य आलं, तरी तात्या दिवेलागणीला एका लहानशा देवळात प्रवचनाला बसायचेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पण त्यांचं पोथीवाचून काही अडत नसे, सगळं पाठ होतं.

माझा तक्ता त्यांना मुळीच मान्य नव्हता. जुन्या ग्रंथांत सांगितलंय तेच खरं, असं त्यांचं म्हणणं. मन डोक्यात नसतं, छातीत असतं. तिथे खाली तोंड केलेली कमळाची कळी आहे, ती जागेपणी उमलते आणि झोपेत मिटते, आणि मन तिच्यात राहतं. बाकीच्या एकेका इंद्रियात एकेक देवता येऊन बसलेली आहे. वाणीत अग्नी, डोळ्यांत सूर्य, कानांत दिशा. मी म्हणायची, तात्या, कळीबिळी काही नाही, मुठीएवढा स्नायू आहे. त्यावर ते स्वतःची मूठ माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "ही मूठ तरी माझी कुठे आहे, अनू? हातात इंद्र बसलाय. आपण नुसतं घर. राहणारे वेगळेच."

त्यांची एक आवडती गोष्ट होती. देवळात ती सांगताना लोक हसून लोटपोट व्हायचे. एकदा इंद्रियांत भांडण लागलं, की थोर कोण. तेव्हा ठरलं, एकेकानं वर्षभर देह सोडून जायचं आणि परत येऊन बघायचं. आधी वाणी गेली. वर्षानं आली आणि तिनं विचारलं, माझ्यावाचून कसे राहिलात? बाकीचे म्हणाले, मुके राहतात तसे. मग डोळे गेले, कान गेले, मनसुद्धा गेलं, आणि प्रत्येकानं परतल्यावर तोच प्रश्न विचारला. शेवटी प्राण निघायला उठला तेव्हा मात्र सगळ्यांचीच मुळं उपटायला लागली आणि सगळे त्याच्या पाया पडले.

मी लहानपणापासून एकच शंका काढायची. वर्षभर ते कान राहत होते कुठे? तात्या म्हणायचे, ते ग्रंथात नाही, तुझ्या तक्त्यात असेल तर बघ.

मधुकर माझा धाकटा भाऊ. चित्रकला शिकलेला. गावाबाहेरच्या भैरवगढला कापड छापणाऱ्या छीपांची वस्ती आहे. त्यांना कापडावर उठवायच्या ठप्प्यांसाठी नक्ष्या काढून द्यायला म्हणून तो तिकडे जायला लागला, आणि मग जातच राहिला. मीरा तिथल्याच एका छीपा घरातली. तिच्याशी लग्न केल्याचं त्यानं आधी मला सांगितलं. मी म्हटलं, पाडव्याला घरी ये, सणाचा दिवस आहे, तात्या काही बोलणार नाहीत. मला तसं खरंच वाटत होतं.

पंचावन्न सालचा पाडवा. गुढी उभारून झाली होती. मी पानं वाढली होती, मधूचंही. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कडुलिंबाची चटणी. तात्या देवापुढे सोवळ्यात बसले होते. मधू उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि त्यानं लग्नाचं सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पळीनं उजव्या तळव्यावर पाणी घेतलं, जसं रोजच्या संकल्पाला घेतात तसंच, आणि शांतपणे म्हणाले, "या जिभेवर तुझं नाव पुन्हा येणार नाही. या कानांवर तुझा आवाज पुन्हा पडणार नाही." आणि पाणी ताम्हनात सोडलं.

मधूनं एकदा वाढलेल्या पानाकडे पाहिलं. मी त्याची बाही धरली होती, ती त्यानं हळूच सोडवली आणि तो गेला. तात्या पानावर बसले खरे, पण त्यांच्यानं घास गिळवला नाही. संध्याकाळी मी ती दोन्ही पानं गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना बोलता येईना.

विनायक डॉक्टर आमच्या आळीतलेच. त्यांनी कपाळाला आरसा बांधून घशात उजेड टाकून पाहिलं. सूज नव्हती, व्रण नव्हता. धक्क्यानं होतं असं, बाई, म्हणाले, येईल आपोआप. तात्या त्यांच्याकडे बघून मान हलवत होते. मी शाळेची पाटी त्यांच्या हातात दिली. त्यांना अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून त्यांनी चाचपत मोठं मोठं लिहिलं: गेली. वर्षानं येईल.

मला राग आला. माणसानं हट्ट करावा, पण स्वतःच्या गळ्याशी करू नये. मी पाटी पुसून टाकली आणि काढा करायला गेले.

मधूचा मला उन्हाळ्यात निरोप आला होता, की तो बरा आहे आणि काम शिकतोय. मी तेव्हाच दोनदा जाऊन आले, पण तो तात्यांचा विषय निघाला की उठून कापड वाळत घालायला जायचा. तात्या घरी झोपाळ्यावर बसून असायचे. देवळात दुसरा कुणी बसायला लागला. घरातला आवाज गेला की भांड्यांचा आवाज वाढतो. त्या वर्षी मी भांडीसुद्धा हळू ठेवायला शिकले.

श्रावणात शेजारच्या अहल्याकाकू भैरवगढला दर्शनाला जाऊन आल्या आणि प्रसाद घेऊन थेट ओसरीवर आल्या. मोठ्या आनंदात होत्या. म्हणाल्या, "अनू, तात्यांची तबियत ठीक झाली, मला बोलली पण नाहीस तू? छीपांच्या गल्लीत ऐकला मी त्यांचा आवाज. एकदम साफ." आणि मग त्यांना झोपाळ्यावर बसलेले तात्या दिसले. त्यांच्या हातातला प्रसाद तसाच राहिला. मी म्हटलं, काकू, आवाजासारखे आवाज असतात. तात्यांनी मात्र मान खाली घातली आणि झोपाळा पायानं थांबवला.

पुढचा पाडवा आला. या वेळी मी दोनच पानं वाढली. तात्यांनी चित्राहुती घातली, पहिला घास उचलला, आणि त्यांच्या तोंडून आवाज आला. "माझ्यावाचून कसे राहिलात?"

आवाज तात्यांचाच होता, पण घोगरा झालेला, रंगाच्या भट्टीच्या वाफेत उभं राहून होतो तसा. तात्यांचा हात घास घेऊन तसाच थांबला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही विचारलं होतं. मग त्यांचे ओठ पुन्हा हलले आणि त्यांनी त्याच तोंडानं, अगदी सावकाश, उत्तर दिलं. "मुके राहतात तसे."

मी पानावरून उठले आणि न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. 

विनायक डॉक्टर म्हणाले, बघा, मी सांगितलं नव्हतं? मीही तेच म्हणत राहिले. पण त्या आवाजाला काही नव्या सवयी लागल्या होत्या. जन्मभर शुद्ध बोललेले तात्या मध्येच बाजारी हिंदीतलं हौ म्हणायचे, अपन म्हणायचे. एकदा दुपारी डोळा लागलेला असताना म्हणाले, "गौरी, रडू नको, आली हं आई." उठल्यावर मी विचारलं, कोण गौरी?  म्हणाले, "जिभेला माहीत असेल. मला नाही."

त्याच संध्याकाळी ते आपणहून बोलले. अंधारून आलं होतं, मी कंदील पुसत होते. म्हणाले, "चुकलंच माझं, अनू. इंद्रियं माझी नव्हेत. ज्यावर आपली मालकी नाही त्याचा संकल्प केला मी. लोकांना सांगत आलो आणि स्वतःच विसरलो." मग म्हणाले, "त्याला बोलाव." नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायला तोंड उघडलं होतं, हे मी पाहिलं.

मी टांगा करून भैरवगढला गेले. मधूचं घर म्हणजे पुढे छापायची खोली आणि मागे राहायची. ठप्पे आपटल्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता. मीरा डोक्यावर पदर घेऊन पुढे आली. तिच्या कडेवर दोन-अडीच महिन्यांची मुलगी होती. मला कुणी कळवलंही नव्हतं. मी नाव विचारलं. मीरा म्हणाली, गौरी.

मी खाली बसले. पाणी मागितलं.

मधूला मी सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की तात्यांचा आवाज आलाय आणि ते तुला बोलावताहेत. त्यानं हातातला ठप्पा खाली ठेवला. म्हणाला, ताई, तो आवाज इथे होता. वर्षभर, रोज, आम्ही जेवायला बसायच्या वेळी. दाराबाहेरून विचारायचा, "मधू, जेवलास का रे?"

मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

मधू ठप्प्याला लागलेला रंग पुसायला लागला. मीराच बोलली. "ये तो कुछ नहीं बोलते थे, जीजी. मुँह फेर के बैठ जाते. मैं ही कह देती थी, हाँ बाबूजी, जीम लिया."

मधू म्हणाला, मला वाटायचं, दार उघडलं की तात्या उभे असतील आणि पुन्हा तळव्यावर पाणी घेतील. दार उघडलं नाही, निदान आतून हो तरी म्हणायचं होतं मी. एवढं बोलून तो रडला. मी त्याला लहानपणीही रडताना फारसं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आता घरी येऊन म्हण. तो हो म्हणाला. पण आधी मीराची तब्येत, मग लग्नसराईचं काम, मग आणखी काही, असं करत त्यानं महिने काढले. तो भीत होता. जिभेचा संकल्प सुटला तरी कानांचा होताच, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. शेवटी त्यानं शब्द दिला, गणपतीला नक्की येतो.

गणेशचतुर्थीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात मोदकांची उकड काढत होते. तात्या ओसरीत, दाराकडे पाठ करून दुर्वा निवडत बसले होते. सकाळपासून ते दोनदा विचारून गेले होते, आला का? नंतर गप्पच होते. मला वाटलं, वाट बघताहेत. थोड्या वेळानं मला हाक ऐकू आली. "तात्या." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "तात्या, मी आलोय." उकडीचा हात धुऊन मी बाहेर येईपर्यंत ओसरीची पायरी रिकामी होती. तात्या दुर्वा निवडत होते. मी रस्त्यावर धावले. टांगा वळणावर गेला होता. मी नावानं ओरडले, अनवाणी धावले, आजूबाजूची माणसं बघायला लागली. तो काही वळला नाही.

परत आले आणि तात्यांवर ओरडले, की तुम्ही माणूस आहात का कोण? त्यांनी मान वर केली. माझे ओठ हलताना पाहत राहिले. मग स्वतःच्या कानांवरून हात फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं. मी देवापुढची घंटा उचलून त्यांच्या कानाशी वाजवली. त्यांनी डोळ्यांची पापणीसुद्धा लववली नाही.

"तिकडेच गेले असतील," तात्या म्हणाले. "धीर धरवला नाही त्यांना."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासारखा विचार केला. मधू भैरवगढहून इकडे येत होता तेव्हा कान तिकडे जात असणार. एकाच रस्त्यानं, समोरासमोर.

त्या वर्षी दिवाळी आणि नवं राज्य बरोबरच आलं. राजधानी भोपाळ झाली, शाळेच्या दारावरच्या पाटीतून मध्यभारत हा शब्द खरवडून काढला. मी मधूच्या हातापाया पडून त्याला भाऊबीजेला आणलं. तो तात्यांच्या पायांशी बसला आणि काही बोलायला लागला. तात्यांनी त्याचे ओठ बोटांनी चाचपले आणि त्यावर हात ठेवला. म्हणाले, "इथे बोलून वाया घालवू नको. कान तुझ्याच घरी आहेत. त्यांना सांग. घेऊन येतील ते." मग त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, डोक्यावरून फिरवला, आणि तो किती वाळलाय म्हणून माझ्याकडे तक्रार केली. नाव मात्र याही वेळी घेतलं नाही.

मी रोज दुपारी लसूण घालून तिळाचं तेल कोमट करायची आणि तात्यांना कुशीवर निजवून कानात सोडायची. डॉक्टर म्हणाले होते, उपयोग नाही. मला ते माहीत होतं. पण तात्यांना बरं वाटायचं.

भैरवगढच्या घरात मागच्या खोलीत चुलीच्या डाव्या हाताला एक कोपरा आहे. मी गेले की बघायची, मीरा त्या बाजूला जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढायची, घरात सासरे बसले असावेत तशी. बोलणंही तिथे आपोआप हळू व्हायचं. मला हे सहन होईना. मी एकदा शाळेतून नादकाटा घेऊन गेले. दारात आपटला, वाजला. चुलीपाशी वाजला. कोपऱ्यात नेला आणि त्याचं गुणगुणणं एकदम बंद झालं, कुणी चिमटीत धरल्यासारखं. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मुलींना शिकवताना मी सांगायची, आवाज नाहीसा होत नाही, तो कुठेतरी जातो. हे मला त्या कोपऱ्यात आठवलं.

मधू मात्र रोज संध्याकाळी ताटावर बसला की त्या कोपऱ्याकडे बघून म्हणायचा, "तात्या, मी जेवतोय." आणि हात धुतल्यावर, "जेवलो, तात्या." त्याच्या चेहऱ्यावर आता जरा रंग यायला लागला होता.

माघात तात्या गेले. तापाचं निमित्त झालं, फार दिवस लागले नाहीत. शेवटच्या दुपारी मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं तेव्हा ते म्हणाले, "गणपतीपर्यंत राहायला हवं होतं गं." मला त्याचा अर्थ कळत होता आणि मी काहीच करू शकत नव्हते. मधूला निरोप गेला, तो येईपर्यंत प्राण गेला होता. अग्नी त्यानंच दिला. घाटावरून परत आला तो ओल्या कपड्यांनी ओसरीत उभा राहिला. म्हणाला, ताई, गुरुजींनी सगळं ज्याचं त्याला दिलं. डोळे सूर्याला, प्राण वाऱ्याला. कान दिशांना म्हणाले तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. ते तिथे नव्हतेच ना.

भाद्रपदात शाळेत कानाचा धडा आला. काटा बरोबर वाजतो का ते बघायला मी तो घरी आणला होता. हातात वाजवत मी तात्यांच्या खोलीतून चालले होते. त्यांचा पलंग, उशी, सगळं तसंच ठेवलं होतं. उशीजवळ काटा बंद पडला.

मी तिथेच उभी राहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन वाजवला, ओसरीत वाजवला. दोन्हीकडे वाजला. उशीजवळ मात्र नाही.

भैरवगढला गेले तर मीराच्या डोक्यावर पदर नव्हता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कोना खुल गया, जीजी." मधू तसाच माझ्याबरोबर निघाला. पलंगाशी जमिनीवर बसून त्यानं उशीकडे तोंड करून सांगितलं, तात्या, मी जेवलो. वर्षभर जे सांगितलं ते पुन्हा सांगितलं. कान ऐकत होते, याबद्दल मला शंका नव्हती. पण त्यांनी ऐकून ते द्यायचं कुणाला? परतलेल्यानं प्रश्न विचारायचा असतो, आणि कानांना विचारता येत नाही. ते नुसते वाट बघत होते. झोपाळा वाजेल, तात्या खोकतील, म्हणून.

आम्ही दोघांनी ठरवलं, त्या खोलीत तात्या गेल्याचं बोलायचं नाही. मी दुपारी पुन्हा तेल कोमट करायला लागले. उशीला जिथे खळगा पडला होता तिथे थोडं सोडायची. पाण्यासारखं तेल उडून जात नाही, हे मीच शिकवते. तरी संध्याकाळपर्यंत अभ्रा कोरडा व्हायचा. डागसुद्धा राहायचा नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यात बरं वाटायला लागलं होतं. शाळेतून आल्यावर मी त्या खोलीत बसून दिवसभरातलं सांगायची. तात्या जिवंत असताना माझ्याकडे एवढा वेळ कधी नव्हता.

दिवाळीत अहल्याकाकू फराळाचं ताट घेऊन आल्या. तात्या बहिरे असताना त्यांच्याशी ओरडून बोलायची काकूंना सवय लागली होती, आणि त्या खोलीत पाय ठेवला की अजूनही त्यांचा आवाज चढायचा. मी करंज्या काढून घेत होते. काकू पलंगाकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "तात्यांना जाऊन वर्ष होईल ना गं आता, अनू? बघता बघता."

मी ओठांवर बोट ठेवलं. तोवर बोलून झालं होतं. काकूंनी डोळे पुसले आणि मलाही पुसायला लावले.

त्या दुपारी घातलेलं तेल उशीवर तसंच राहिलं. संध्याकाळी डाग पसरला होता, गार. मी काटा आणला. उशीजवळ तो वाजला, आणि बराच वेळ वाजत राहिला. इतका वेळ तो माझ्या वर्गातही कधी वाजला नव्हता.

मी रडले. तात्या गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, रडायला नीट जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भैरवगढला गेले. मधू जेवायला बसायच्या बेतात होता. गौरी आता चालत होती. मीरा ताट वाढून आणत होती, आणि तिनं डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला होता. मी कोपऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. कालपासून, म्हणाली.

मी मधूला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना कळलंय. आता असं ठेवू नये. तू मुलगा आहेस, तुला अधिकार आहे. घाटावर जे राहिलं ते म्हण. दिशांचं दिशांना दे.

मधूनं ऐकलं. हातपाय धुऊन आला, कोपऱ्यासमोर बसला, आणि तात्या घ्यायचे तसंच उजव्या तळव्यावर पाणी घेतलं. मीरानं गौरीला जवळ ओढलं. मधूचे ओठ हलले. मग थांबले. तळव्यावरचं पाणी बोटांतून गळायला लागलं, तसं त्यानं ते पुन्हा तांब्यात ओतलं.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "मी त्यांची वर्षभराची हाक ऐकून ओ दिली नाही. आता त्यांना ऐकू दे."

तो ताटावर बसला. कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "तात्या, जेवायला बसतोय."

मी पिशवीतून काटा काढला. माझी खोड जात नाही. ठोकळ्यावर आपटून कोपऱ्यात नेला. तो बंद पडला. मी तो परत पिशवीत ठेवण्याआधी पदरानं पुसला, तर पदराला तेल लागलं. तिळाचं. लसणाचा वास होता त्याला, आणि ते कोमट होतं.